फुटकी घागर आणि माना टाकलेले पीक

लेकराला जुलाब लागले की घरातले कोणीतरी जाणते माणूस सांगते, ‘पाणी देऊ नका, जितके पाजाल तितके खालून जाईल.’ केज तालुक्यातले युसूफ वडगाव असो की आणखी कोणते गाव, हा सल्ला आजही कानावर येतो. तो देणाऱ्या आजीला अडाणी ठरवून मोकळे होणे सोपे आहे. पण तिच्या बोलण्यामागे व्यवस्थित विचार असतो. घागर फुटकी आहे, वरून ओतले की खालून गळते, ओतायचे थांबवले की गळायचेही थांबते. आजी हेच सूत्र लेकराच्या पोटाला लावते. तर्कात कुठे खोट दिसत नाही आणि निष्कर्ष मात्र लेकराच्या जिवावर उठतो.

एका गोष्टीवरून दुसरी समजून घेण्याची ही रीत माणसाच्या डोक्यात चालते तरी कशी? अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ डेड्रे गेंटनर यांनी 1983 साली याचे एक उत्तर मांडले. त्यांच्या मते उपमा देताना माणूस वस्तूंचे रंगरूप उचलत नाही, वस्तूंमधली नाती उचलतो. अणूला सूर्यमालेची उपमा देताना अणू पिवळा आणि तापलेला आहे असे कोणी समजत नाही. मध्ये जड वस्तू आणि तिच्याभोवती फिरणाऱ्या हलक्या वस्तू, एवढे नाते घेतले जाते. पुढे केनेथ फोर्बस आणि ब्रायन फाल्कनहेनर या संगणकशास्त्रज्ञांनी गेंटनर यांच्यासह या विचाराचा संगणकी प्रोग्रॅमच लिहिला. 1989 साली त्याचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध झाले.

प्रोग्रॅमचे काम समजायला सोपे आहे. त्याला दोन प्रसंग साध्या विधानांत सांगायचे: घागरीत पाणी ओतले जाते, घागरीतून पाणी गळते, ओतल्यामुळे गळते. दुसरीकडे: लेकराला पाणी पाजले जाते, लेकराला पातळ शौचाला होते. प्रोग्रॅम जोड्या लावतो. घागरीला लेकरू, ओतण्याला पाजणे, गळण्याला जुलाब. एकाला एकच जोडीदार, हा त्याचा नियम. अनेक जुळण्या शक्य असतील तर ‘यामुळे ते होते’ अशा कार्यकारणाने बांधलेली जुळणी तो वरची मानतो. मग पहिल्या प्रसंगात असलेले आणि दुसऱ्यात नसलेले विधान तो पुढे सरकवतो: पाजल्यामुळे जुलाब होतात. म्हणजे पाणी थांबवा.

यंत्रही आजीच्याच निष्कर्षाला आले! कारण जुळणी चोख आहे. यंत्राने पुढे सरकवलेले विधान हा फक्त अंदाज असतो. तो खरा की खोटा, हे जुळणीतून कधीच ठरत नाही, ते लेकराच्या पोटात डोकावूनच ठरवावे लागते. संगणकाच्या या खेळातून वैद्यकाला मिळालेली ही गोष्ट मोठी आहे. चुकीची उपमा आतून अगदी सुसंगत असू शकते, त्यामुळे ‘तुमचे चुकते आहे’ एवढे सांगून ती मोडत नाही.

मग घागरच का आठवते? याच गटाने 1995 साली आठवणीचेही प्रारूप मांडले. त्यात पहिली चाळणी ढोबळ असते. वरवर सारख्या दिसणाऱ्या सगळ्या आठवणी पुढे येतात, नात्यांची बारकाईने तपासणी नंतर होते. पाणी, ओतणे, वाहणे म्हटले की घागर पहिल्या चाळणीतच हाती लागते. खोलवर जुळणारी पण वरून वेगळी दिसणारी गोष्ट मागेच राहते. मेरी गिक आणि कीथ होलिओक यांनी हे माणसांवर तपासले. पोटातली गाठ किरणांनी जाळायची, पण तीव्र किरण वाटेतले चांगले मांसही जाळतात, मग काय करावे, असे कोडे त्यांनी घातले. साधारण दहातल्या एकाला उत्तर सुचले. इतरांना आधी एक गोष्ट सांगितली होती: सेनापती सैन्याच्या तुकड्या पाडतो आणि वेगवेगळ्या वाटांनी किल्ल्यावर एकदम चाल करतो. तरीही स्वतःहून दोन्हींचा मेळ घालणारे थोडेच निघाले. ‘त्या गोष्टीचा उपयोग करून पाहा’ म्हटल्यावर मात्र चारांतल्या सुमारे तिघांना जमले. कमी ताकदीचे किरण अनेक बाजूंनी सोडून गाठीवर एकत्र आणायचे. आजची किरणोपचार यंत्रे हेच करतात.

हा इशारा द्यायची पद्धत मराठीला जुनी आहे. चक्रधरस्वामींचे दृष्टांत केसोबासांनी ‘दृष्टांतपाठा’त एकत्र केले, त्यांत सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टांतिक असे तीन भाग आहेत. दार्ष्टांतिक म्हणजे दृष्टांतातले काय कशाला लावायचे, याचा खुलासा. प्रोग्रॅमची जोड्यांची यादी याहून फार निराळी नाही.

तेव्हा आजीची घागर काढून घ्यायची तर तिच्या हाती दुसरे काही द्यावे लागेल. मराठवाड्यात ते बांधावरच सापडते. उन्हाच्या ताणाने पीक माना टाकते. पाणी तोडले म्हणून ऊन कमी होत नाही, पीक तेवढे जळते. जुलाबाचे तसेच आहे. मोठ्या माणसाच्या आतड्यात दिवसभरात आठ-नऊ लिटर पाणी येते. त्यातले तोंडाने घेतलेले जेमतेम दोन लिटर, बाकी शरीरानेच सोडलेले पाचकरस. यातले बहुतेक पाणी आतडे परत शोषून घेते. जुलाबात हे शोषण बिघडते, कॉलऱ्यासारख्या आजारात तर आतड्याची भिंतच पाणी सोडू लागते. लेकराला एक थेंब पाजला नाही तरी ते जातच राहते.

पण नुसते पाणी पुरत नाही. आतड्याच्या पेशींत साखर आणि मीठ जोडीने आत जातात आणि त्यांच्या मागे पाणी जाते. ही वाट बहुतेक जुलाबांत शाबूत राहते, म्हणून जलसंजीवनी लागू पडते. 1971 साली बांगलादेश युद्धातल्या निर्वासितांमध्ये कॉलरा पसरला, शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले. तेव्हा बनगाव येथे डॉ. दिलीप महालनबीस यांनी हे पाणी पिंपात कालवून पाजायला लावले. शंभरात तीसपर्यंत गेलेले मृत्यू चारच्या खाली आले.

शेताची उपमा इथेही साथ देते. युरिया जास्त पडला की पीक करपते, तशी साखर जास्त झाली की ती आतड्यात उलट पाणी ओढते आणि जुलाब वाढतात. म्हणून ‘शक्ती येईल’ म्हणून मूठभर साखर घालू नये. गोड शीतपेयेही नकोत. पाकीट मिळाले तर त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच पूर्ण रिकामे करावे. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चोवीस तासांनी उरलेले फेकून द्यावे. पाजायचे ते ठिबकसारखे, चमच्या-चमच्याने. पाटाने सोडल्यासारखे गटागट पाजले तर लेकरू ओकते. ओकले तर दहा मिनिटे थांबून पुन्हा सुरू करावे. प्रत्येक पातळ शौचानंतर दोन वर्षांखालच्या बाळाला 50 ते 100 मिली, मोठ्या मुलाला 100 ते 200 मिली. अंगावरचे दूध आणि नेहमीचे खाणे चालू ठेवावे. जुलाब थांबले तरी झिंकच्या गोळ्या चौदा दिवस पूर्ण कराव्यात.

एका ठिकाणी मात्र ही उपमाही अपुरी पडते. पीक माना टाकल्यावर संध्याकाळपर्यंत तग धरते, तान्हे बाळ धरेलच असे नाही. डोळे किंवा टाळू खोल गेली, रडताना अश्रू येईनात, सहा तास लघवी झाली नाही, शौचातून रक्त पडले, बाळ सुस्त झाले किंवा पिईनासे झाले, तर दवाखान्याची वाट धरावी आणि वाटेतही चमचा चालू ठेवावा.