विश्लेषण : मार्क आहेत, पण ६५० शब्दांचे काय? शेवटच्या तीन दिवसांत प्रवेश-निबंध कसा लिहाल?

सीईटीचा स्कोअर, कॅप राऊंड, कॉलेजची यादी. भोर आणि वेल्हे (आता राजगड) तालुक्यातील बहुतेक मुलांना प्रवेशाची हीच वाट माहीत असते. त्यात ‘तुम्ही कोण आहात?’ असे कुणी विचारत नाही. परदेशी विद्यापीठांचे अर्ज मात्र नेमके तेच विचारतात, तेही इंग्रजीत आणि मुदतीच्या आत. चांगले गुण असलेले अनेक अर्ज इथेच अडतात.

निबंध कुठे लागतो?

अमेरिकेतील अनेक विद्यापीठांसाठी ‘कॉमन अ‍ॅप’ हा एकच अर्ज चालतो. त्यात सातपैकी एक विषय निवडून २५० ते ६५० शब्दांत लिहायचे असते. ब्रिटनमध्ये ‘यूकास’मार्फत अर्ज होतो. तिथे २०२६च्या प्रवेशापासून एका सलग निवेदनाऐवजी तीन प्रश्न आले आहेत : हा अभ्यासक्रम का, आजवरच्या शिक्षणाने काय तयारी झाली आणि वर्गाबाहेर काय केले. तिन्ही उत्तरे मिळून मर्यादा ४,००० अक्षरांची, मोकळ्या जागा धरून. प्रत्येक उत्तर किमान ३५० अक्षरांचे हवे.

हे सगळे फार लांबचे वाटत असेल, तर शेजारच्या मुळशी तालुक्यात पाहा. तिथे १९९७पासून सुरू असलेल्या यूडब्ल्यूसी महिंद्रा कॉलेजमध्ये अकरावी-बारावीच्या पातळीचा आयबी अभ्यासक्रम शिकवला जातो. तिथेही केवळ गुणांवर निवड होत नाही.

‘क्रिएटिव्ह’ म्हणजे अलंकारिक का?

नाही. शाळेतल्या निबंधासारखी सुभाषिते आणि जड शब्द इथे उपयोगाचे नाहीत. वाचणाऱ्याला तुमची एखादी खरी गोष्ट आणि त्यातून तुमचा बदललेला विचार हवा असतो.

वेल्ह्याचा विद्यार्थी सहज लिहून जाईल, ‘मी राजगड आणि तोरण्याच्या पायथ्याचा.’ पण हे त्या तालुक्यातला कुणीही लिहू शकतो. त्याऐवजी समजा, सुट्टीच्या दिवशी गुंजवण्यात ट्रेकर्सना चहा विकताना तुम्ही कचऱ्याचा हिशेब ठेवायला लागलात. तर तो हिशेब लिहा. ‘मला पर्यावरणाची आवड आहे’ हे वाक्य मग लागतच नाही. भोरमध्ये उन्हाळ्यात भाटघर धरणाचे पाणी ओसरले की कांबरेश्वराचे मंदिर उघडे पडते. ते पाहून तुम्ही आजीला बुडालेल्या शेताबद्दल काय विचारले, हा तुमचा निबंध आहे. मंदिराची माहिती इंटरनेटवर मिळते, आजीचे उत्तर मिळत नाही.

तीन दिवस उरले असतील तर?

पहिला दिवस : शिफारसपत्र लागत असेल तर सर्वात आधी शिक्षकांना फोन करा, तो वेळ तुमच्या हातात नसतो. मग मोबाइलवर मराठीत दहा मिनिटे बोलून रेकॉर्ड करा. एकच प्रसंग निवडा.

दुसरा दिवस : तोच प्रसंग साध्या इंग्रजीत लिहा. शब्द मोजू नका.

तिसरा दिवस : मोठ्याने वाचा, अडखळाल तिथे वाक्य तोडा. जे वाक्य दुसऱ्या कुणाच्याही अर्जात चालेल, ते काढा. एका शिक्षकांना दाखवा आणि दुपारपर्यंत अर्ज भरा.

मजकूर थेट संकेतस्थळावर लिहू नका. घाटाकडच्या गावांत रेंज कधी जाईल सांगता येत नाही. फोनमध्ये कॉपी ठेवा.

मुदतीची वेळ कोणती?

इथे गल्लत होते. ‘यूकास’ची जानेवारीतील मुदत ब्रिटिश वेळेनुसार सायंकाळी सहाला संपते, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेअकराला. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि वैद्यकीय अभ्यासक्रमांची मुदत मात्र ऑक्टोबरमध्येच असते. तेव्हा तिकडे उन्हाळी वेळ सुरू असल्याने आपल्याकडचे रात्रीचे साडेदहा हीच शेवटची वेळ. अमेरिकेत अनेक ठिकाणी नियमित मुदत १ जानेवारीच्या आसपास असते, पण तारीख विद्यापीठागणिक बदलते.

एआयकडून लिहून घेतले तर?

‘कॉमन अ‍ॅप’च्या नियमांत एआयने लिहिलेला मजकूर स्वतःचा म्हणून देणे ही फसवणूक मानली जाते. ‘यूकास’ निवेदनांतील साम्य तपासते. शिवाय एआयला तुमची आजी माहीत नाही. व्याकरण तपासायला मदत घ्या, आठवणी मात्र स्वतःच्या लिहा.

मदत कुठे मिळेल?

बुलढाणा जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबातून लंडनला चेव्हनिंग शिष्यवृत्तीवर गेलेले राजू केंद्रे यांची एकलव्य इंडिया फाउंडेशन पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणाच्या प्रवेशासाठी मार्गदर्शन करते. अकरावीतच अशी चौकशी केली, तर तीन दिवसांच्या धावपळीची वेळच येणार नाही.