जुन्या जीपचं इंजिन आणि दहावीचं महत्त्वमापन



वृत्तचितीचं घनफळ शिकवताना आपण फळ्यावर पाण्याची टाकी काढतो. टाकी वाईट नाही, पण तेलगावसारख्या गावात त्याहून चांगलं उदाहरण रस्त्याच्या कडेलाच पडलेलं असतं. बीड, परळी, माजलगाव, धारूर असे चहूबाजूंचे रस्ते इथं येऊन मिळतात, साखर कारखाना आहे, त्यामुळे गाड्या आहेत आणि गाड्या आहेत म्हणून गॅरेजही आहेत. तिथं एखादी जुनी महिंद्रा जीप इंजिन खोलून उभी असते. मालक विचारतो, "दुसऱ्या मॉडेलचं सामान भंगारात स्वस्त मिळतंय, बसंल का?" या 'बसंल का' मध्ये गणित, विज्ञान आणि एका घराचे हंगामभराचे पैसे असं सगळं अडकलेलं असतं. आपली बरीच मुलं पुढे याच कामात जातात, म्हणून हा धडा जरा सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या महिंद्रा जीपगाड्यांत वेगवेगळी डिझेल इंजिनं आलेली आहेत. प्यूजो या फ्रेंच कंपनीच्या आराखड्याची इंजिनं महिंद्राने इगतपुरीला बनवली. त्यातलं एक एक्सडीपी ४.९०. नावातच अर्धी माहिती आहे: चार सिलिंडर, ९० मिलिमीटर बोअर. त्याचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, ८३ मिलिमीटर. त्याच घराण्यातलं मोठं भावंड एक्सडी३. त्याचा बोअर ९४ आणि स्ट्रोक ९०. तिसरं इंजिन एमडीआय, बोअर ८८.९ आणि स्ट्रोक १०१.६. हे आकडे विचित्र वाटतात ना? २५.४ ने भागून बघा. बरोबर साडेतीन इंच आणि चार इंच! म्हणजे हा आराखडा इंचांच्या जमान्यातला आणि प्यूजोचा मिलिमीटरमधला. मुलांना हा भागाकार करायला लावा, चेहरे बघण्यासारखे होतात.

आता घनफळ. एक्सडीपीची त्रिज्या ४.५ सेंमी, उंची ८.३. ३.१४ × ४.५ × ४.५ × ८.३ केलं की सुमारे ५२७.८ घनसेंमी येतात. गुणिले चार, २१११. कंपनीच्या पुस्तिकेत २११२ सीसी लिहिलेलं असतं. एकचा फरक कुठून आला? आपण पाय ३.१४ वर तोडला म्हणून. एक्सडी३ साठी असंच केलं तर २४९७ येतात, पुस्तिकेत २४९८. एमडीआय मुलांवर सोडा. उत्तर २५२३ च्या अगदी जवळ यायला हवं.

आता खरी मेख. समजा एक्सडीपीच्या ब्लॉकमध्ये कुणी ९० स्ट्रोकचा क्रँक बसवायचं म्हटलं. स्ट्रोक ७ मिलिमीटरने वाढला. मुलं लगेच म्हणतील, पिस्टन ७ मिलिमीटर वर जाईल. तसं नाही. क्रँक गोल फिरतो, त्याची त्रिज्या साडेतीनने वाढली, म्हणून पिस्टन वर साडेतीन आणि खाली साडेतीन जास्त जाईल. पण डिझेल इंजिनात पिस्टन अगदी वर आला की त्याच्या आणि हेडच्या मध्ये जागा असते साधारण एक मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे कनेक्टिंग रॉड आणि पिस्टन जुनेच ठेवले तर पिस्टन हेडवर आदळणारच. व्यास आणि त्रिज्या यात गोंधळ करू नका असं आपण वर्षभर सांगतो. इथं तो गोंधळ केला तर इंजिन फुटतं.

गॅस्केटचंही तसंच. ९० बोअरचं गॅस्केट ९४ च्या सिलिंडरवर ठेवलं तर सगळीकडून २ मिलिमीटरची कडा आत डोकावते. ती तापून लाल होते, जळते आणि तुटते. तुकडा आत पडला की मग खर्चाला मोजमाप राहत नाही.

सर्वांत फसवी गोष्ट मात्र हेड आणि पिस्टन यांची जोडी. जुन्या प्यूजो इंजिनांत डिझेल हेडमधल्या एका छोट्या वेगळ्या खोलीत फवारलं जातं. गॅरेजात हिला चेंबर म्हणतात. एमडीआयमध्ये डिझेल सरळ पिस्टनच्या डोक्यावरच्या खड्ड्यात पडतं. ५२८ घनसेंमी हवा दाबून २५ घनसेंमी जागेत कोंबली तर दाबाचं प्रमाण (५२८ + २५) ÷ २५, म्हणजे सुमारे २२ येतं. चेंबरच्या हेडला असंच मोठं प्रमाण लागतं. आता समजा कुणी त्याच हेडखाली खड्ड्याचा पिस्टन बसवलाच आणि त्या खड्ड्याने आणखी २५ घनसेंमी जागा दिली. प्रमाण होतं (५२८ + ५०) ÷ ५०, म्हणजे साडेअकरा. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. हवा दाबून इतकी तापवायची की डिझेल आपोआप पेटावं. साडेअकरा पटीत ती पुरेशी तापत नाही. थंडीतल्या सकाळी दहा माणसांनी ढकललं तरी गाडी नुसता पांढरा धूर ओकेल. सगळे बोल्ट बसलेले, एक थेंब तेल गळत नाही, आणि इंजिन मात्र मेलेलं.

याचा अर्थ मिस्त्री लोक अडाणी आहेत असा मुळीच नाही. चांगला मिस्त्री सूत्र लिहीत नसेल, पण पिस्टनवर सोल्डरच्या तारेचा तुकडा ठेवून, हेड आवळून, इंजिन हाताने फिरवतो आणि चेपलेली तार मोजतो. तारेची उरलेली जाडी म्हणजेच मधली जागा. याहून सुंदर प्रयोग आमच्या प्रयोगशाळेत नाही. स्टार्टर, डायनॅमो अशी बाहेरची अंगं इकडची तिकडे जुळवून चालवण्यातही हीच मंडळी वाकबगार असतात, आणि त्यात फारसा धोका नसतो. धोका असतो तो ज्वलनाच्या जागेत आणि फिरणाऱ्या भागांत.

एक मुद्दा पालकांसाठी. इंजिन नंबर ब्लॉकवर असतो आणि तोच आरसी बुकात असतो. हेड बदललं तर कागद बदलत नाही. ब्लॉक बदलला तर आरटीओकडे जावं लागतं. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दलच आहे. ब्लॉक भंगारातून घेणार असाल तर त्याची पावती आणि मूळ गाडीचे कागद मागून घ्या. आणि इंजिन मोठं बसवलं म्हणून ब्रेक मोठे होत नाहीत, हेही मालकाला विचारायला मुलांना शिकवा.

वर्गात करायचं असेल तर गॅरेजमधून एक टाकाऊ पिस्टन मागून आणा, बहुधा फुकट देतात. व्हर्नियरने व्यास मोजा. खड्डा असेल तर सिरिंजने पाणी भरून त्याचं घनफळ काढा. मग हे गणित द्या: ९० चा बोअर घासून ९०.५ केला, तर चार सिलिंडरचं घनफळ किती वाढेल? उत्तर सुमारे २४ घनसेंमी येतं, जेमतेम एक टक्का. अर्धा मिलिमीटर मोठा पिस्टन इंजिन मुकाट सोसतं आणि साडेतीन मिलिमीटर वर आलेला पिस्टन का सोसत नाही, हे मुलांनाच पिस्टन हातात धरून सांगू द्या.