इंटेलिजन्स : बातमीचे जुने नाव

एकोणिसाव्या शतकातले एखादे इंग्रजी वर्तमानपत्र उघडावे, तर पानोपानी एक शब्द भेटतो : इंटेलिजन्स. जहाजांच्या ये-जा करण्याच्या रकान्यावर तो असतो, फौज-आरमाराच्या मजकुरावर असतो, घोड्यांच्या शर्यतींवरही असतो. लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये बाजारपेठेच्या मजकुरावर हाच शब्द असे आणि ताज्या तारांच्या रकान्याचे नाव तर ‘लेटेस्ट इंटेलिजन्स’ असेच होते. हा शब्द ऐकला की आपल्याला बुद्धिमत्ता तरी आठवते, नाहीतर हेरखाते. त्या पानांवर मात्र त्याचा अर्थ साधा, रोजचा आहे : बातमी.

शब्दाचे मूळ लॅटिन आहे. अनेकांतून नेमके वेचणे, पारखून समजून घेणे, हा त्याचा धात्वर्थ. इंग्रजीत पंधराव्या शतकापासूनच त्याला ‘मिळालेली माहिती’ असाही अर्थ चिकटला. अशी माहिती आणणारा तो ‘इंटेलिजन्सर’. पहिल्या एलिझाबेथ राणीचा मंत्री फ्रान्सिस वॉल्सिंगहॅम याने युरोपभर अशी माणसे पेरली होती. ती दरबारासाठी लिहीत. सामान्य माणसाच्या हाती त्यांचा कागद पडत नसे.

तो कागद छापखान्यात कसा गेला, हे सतराव्या शतकात दिसते. १६५५ मध्ये क्रॉमवेलच्या राजवटीने बाकीची वृत्तपत्रे बंद केली आणि मार्चमंट नीडहॅम याची दोनच चालू ठेवली. त्यांतल्या एकाचे नाव ‘पब्लिक इंटेलिजन्सर’, म्हणजे सार्वजनिक बातमीदार. त्यावर नजर होती जॉन थर्लोची. सरकारचे हेर सांभाळणारा आणि टपाल फोडून वाचवून घेणारा मंत्रीही तोच.

राजेशाही परतल्यावरही रीत बदलली नाही. १६६३ मध्ये रॉजर लेस्ट्रेंज याच्या हाती वृत्तपत्रे आली. लोकांना राज्यकारभाराच्या बातम्या देणेच मुळात योग्य नाही, असे मत त्याने पहिल्याच अंकात मांडले होते. त्याचे सोमवारचे पत्र ‘इंटेलिजन्सर’ आणि गुरुवारचे ‘न्यूज’. संपादक एक, मजकुराची जात एक, नावे मात्र दोन. हे दोन शब्द तेव्हा किती जवळचे होते, याचा याहून चांगला पुरावा नाही. १६६५ च्या प्लेगमध्ये दरबार ऑक्सफर्डला हलला आणि नोव्हेंबरात तिथे ‘ऑक्सफर्ड गॅझेट’ निघाले. तेच पुढे ‘लंडन गॅझेट’ झाले. ते चालवणाऱ्या कचेरीचा धनी जोसेफ विल्यमसन हाही सरकारसाठी गुप्त माहिती गोळा करीत असे. बातमी आणि हेरगिरी एकाच मेजावर जन्मल्या, म्हणून त्यांचे नावही एकच राहिले.

त्या काळच्या बातमीला वाट होती, आणि वाट चालायला दिवस लागत. ट्रफाल्गारची लढाई २१ ऑक्टोबर १८०५ रोजी झाली. ब्रिटिश आरमाराचा सेनापती नेल्सन पडल्याचे वृत्त ‘पिकल’ नावाच्या छोट्या जहाजाने आणले आणि ते लंडनला पोचायला ६ नोव्हेंबर उजाडला. वॉटर्लूचे रणांगण जवळचे, तरीही १८ जून १८१५ चा विजय घेऊन निघालेला मेजर पर्सी २१ तारखेच्या रात्री लंडनात पोचला. म्हणून जुना संपादक आधी सांगे, की हे पत्र अमुक गावाहून, अमुक तारखेचे, अमुक जहाजाने आले. दोन पत्रांत विसंगती असली तर दोन्ही छापी. वाचकाने वेचायचे, पारखायचे. शब्दाचा धात्वर्थ वाचनाच्या रीतीतच जिवंत होता.

मग तारा आल्या. १८५१ मध्ये रॉयटरने लंडनला कचेरी थाटली. जून १८७० मध्ये समुद्राखालच्या तारेने मुंबई इंग्लंडशी जोडली गेली आणि आठवड्यांचे अंतर तासांवर आले. जुने मथळे बरीच वर्षे टिकले, पण वाट अदृश्य झाली तसे ते नावही मागे पडले, असे मला वाटते. त्याच सुमारास इतरांनी शब्दावर हक्क सांगितला. १८७३ मध्ये ब्रिटिश युद्धखात्यात इंटेलिजन्स शाखा उघडली. १९०५ मध्ये फ्रान्सच्या बिनेने मुलांची बुद्धी मोजणारी चाचणी रचली आणि तिची अमेरिकी आवृत्ती १९१६ मध्ये निघाली. १९५६ मध्ये डार्टमथच्या परिषदेने यंत्राच्या बुद्धीलाही हेच नाव दिले. वृत्तपत्राच्या वाट्याला ‘न्यूज’ उरला.

मराठीत याच वाटेने गेलेला शब्द आहे आणि तो आपण गमावलेला नाही. ‘बातमी’ पूर्वी शत्रूच्या गोटातून येई. शिवाजी महाराजांच्या बहिर्जी नाईकांचे काम तेच. पेशवाईत दिल्लीहून हिंगणे आणि हैदराबादेहून गोविंदराव काळे हे वकील तिकडचे वर्तमान पुण्याला लिहीत, आणि नाना फडणिसांची बातमी पक्की असे, हा लौकिक होता. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघाले. एका स्तंभात इंग्रजी, शेजारी मराठी. वकिलांच्या पत्रांतले ‘वर्तमान’ आता छापील पत्राच्या नावात बसले : वर्तमानपत्र. आणि हेराचा ‘बातमीदार’ लोकांचा झाला.

हा बदल मला फार मोलाचा वाटतो. जी माहिती एकट्या राजासाठी फोडलेल्या पाकिटातून येई, ती चार पैसे टाकणाऱ्या कोणाच्याही ओसरीवर आली. पण दरबारातल्या वाचणाऱ्याची एक सवय आपल्याबरोबर यायला हवी होती. हे कोणी लिहिले, कुठून, केव्हा, आणि मध्ये कोणाच्या हातून आले, असे विचारल्याशिवाय नाना कागद खाली ठेवत नसणार. आज बातमी वाट न दाखवता हातात पडते. ती वाट विचारणे म्हणजेच त्या जुन्या शब्दातली बुद्धी.