वेग वाढवला की मागे पडतो

३ जून १९६५ रोजी जेमिनी ४ हे अमेरिकी यान पृथ्वीच्या कक्षेत पोचलं. ज्या टायटन रॉकेटने ते वर नेलं होतं, त्याचा रिकामा दुसरा टप्पा जवळच तरंगत होता. जेम्स मॅकडिव्हिट आणि एड व्हाइट या जोडीवर एक साधं वाटणारं काम होतं: त्या टप्प्याजवळ जायचं आणि त्याच्या सोबतीने उडायचं. मॅकडिव्हिट कोरियाच्या युद्धात मुरलेला लढाऊ वैमानिक. त्याने यानाचं नाक टप्प्याकडे वळवलं आणि इंजिन पेटवलं. अंतर वाढलं. त्याने पुन्हा पेटवलं, अंतर आणखी वाढलं. इंधन झपाट्याने संपत चाललं तेव्हा तो नाद सोडायचं ठरलं.

त्याच दिवशी व्हाइट यानाबाहेर पडून अंतराळात तरंगला. तसं करणारा तो पहिला अमेरिकी, त्यामुळे वर्तमानपत्रांचे रकाने त्यानेच व्यापले. मला मात्र ही फसलेली गाठभेट फार मोलाची वाटते. आयुष्यभर विमान चालवून कमावलेली समज कक्षेत पोचताच निरुपयोगी ठरते, हे तिथे उघड झालं. कक्षेत सगळं एकाच दोरीने बांधलेलं आहे. वेग वाढवला की कक्षा मोठी होते, मोठ्या कक्षेला फेरी पुरी करायला जास्त वेळ लागतो, आणि पुढच्याला गाठायला निघालेलं यान मागे पडतं.

हे कागदावर माहीत नव्हतं असं नाही. केप्लरचा तिसरा नियम १६१९ साली छापला गेला होता. पुढे चंद्रावर उतरलेल्या बझ ऑल्ड्रिनने १९६३ मध्ये एमआयटीत डॉक्टरेट मिळवली ती नेमक्या याच विषयावर, कक्षेतल्या दोन यानांची भेट कशी घडवायची यावर. डिसेंबर १९६५ मध्ये जेमिनी ६-ए आणि जेमिनी ७ ही याने हाताच्या अंतरावर आली तेव्हा गणिताने अंतःप्रेरणेवर मात केली. पण नियम पाठ असणं आणि तो हातात उतरणं यांत मोठी दरी आहे. ती ओलांडायला प्रत्यक्ष यानच हवं, अशी परिस्थिती कित्येक वर्षं होती.

आज अकरावीतल्या मुलीला मॅकडिव्हिटची चूक घरच्या संगणकावर, एक पैसा न मोजता करून पाहता येते. नोव्हेंबर २००० मध्ये मार्टिन श्वाइगर यांनी 'ऑर्बिटर' हे सॉफ्टवेअर प्रसिद्ध केलं. श्वाइगर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात वैद्यकीय प्रतिमांमागच्या गणितावर काम करणारे संशोधक. ऑर्बिटर त्यांनी पहिल्यापासून फुकट दिलं आणि २०२१ मध्ये त्याचा सगळा कोडही खुला केला. यात शत्रू नाहीत, गुण नाहीत, पुढची पातळी नाही. आहे ते एक यान, त्याची इंजिनं आणि न्यूटनचं गुरुत्वाकर्षण.

एक प्रयोग आकड्यांनिशी मांडतो. 'डेल्टा ग्लायडर' हे ऑर्बिटरमधलं काल्पनिक यान ३०० किलोमीटर उंचीच्या गोल कक्षेत ठेवा. त्याचा वेग सेकंदाला सुमारे ७.७ किलोमीटर, एका फेरीला साडेनव्वद मिनिटं. त्याच कक्षेत ५० किलोमीटर पुढे दुसरं यान आहे. ते गाठायचं म्हणून नाक गतीच्या दिशेने ठेवून सेकंदाला ५० मीटर इतका वेग वाढवा. पहिली दहा मिनिटं सगळं मनासारखं चालतं. अंतर जवळपास २० किलोमीटरने घटतं, पण तेवढ्यात आपण पुढच्या यानापेक्षा वरही गेलेलो असतो. मग अंतर थबकतं आणि वाढू लागतं. कक्षा दाखवणाऱ्या पडद्यावरची हिरवी रेषा आता गोल राहिलेली नसते. अर्ध्या फेरीनंतर आपण पावणेदोनशे किलोमीटर वर असतो आणि तिथे रेंगाळतो. फेरी पुरी करून मूळ जागी येईपर्यंत पावणेदोन मिनिटं उशीर झालेला असतो. या वेगाला पावणेदोन मिनिटं म्हणजे आठशेहून अधिक किलोमीटर.

आता उलट करा. यान फिरवून गतीच्या विरुद्ध दिशेने सेकंदाला फक्त ३ मीटर धक्का द्या. कक्षेची दुसरी बाजू दहा किलोमीटर खाली उतरते, फेरी थोडी लवकर संपते, आणि दीड तासाने ५० किलोमीटरचं अंतर मिटलेलं असतं. ५० मीटरच्या धक्क्याने जे बिघडलं, ते ३ मीटरच्या धक्क्याने साधलं. हा अनुभव घेतलेल्या विद्यार्थ्याला तिसरा नियम पुन्हा पाठ करावा लागत नाही. काळ दहापट, शंभरपट वेगाने पळवायची सोय असल्याने दीड तास वाट बघत बसावंही लागत नाही.

एवढी ओळख झाली की आपल्या मंगळयानाचा प्रवास वेगळ्याच नजरेने वाचता येतो. ५ नोव्हेंबर २०१३ रोजी पीएसएलव्हीने ते श्रीहरिकोट्याहून सोडलं. पण १,३३७ किलो वजनाच्या यानाला थेट मंगळाच्या वाटेला लावण्याची ताकद त्या रॉकेटमध्ये नव्हती. पहिली कक्षा मिळाली ती उपभूपाशी, म्हणजे पृथ्वीच्या सर्वांत जवळच्या बिंदूपाशी, सुमारे २५० आणि अपभूपाशी, म्हणजे सर्वांत दूरच्या बिंदूपाशी, सुमारे २३,५०० किलोमीटर उंचीची. यानावरचं मुख्य इंजिन ४४० न्यूटनचं, म्हणजे जेमतेम ४५ किलो वजन उचलेल एवढ्या जोराचं. म्हणून इस्रोने ७ ते १६ नोव्हेंबरदरम्यान ते टप्प्याटप्प्याने पेटवलं, आणि दरवेळी उपभूजवळच.

उपभूजवळच का, हे ऑर्बिटरमध्ये करून बघण्यासारखं आहे. त्या कक्षेत यानाचा वेग उपभूपाशी सेकंदाला ९.९ किलोमीटर असतो आणि अपभूपाशी जेमतेम २.२. तेवढंच इंधन जाळून तेवढाच वेग वाढवला, तरी वेगात असताना दिलेल्या धक्क्याने कक्षेच्या ऊर्जेत साडेचारपट भर पडते. हर्मन ओबेर्थने १९२०च्या दशकात मांडलेला हा परिणाम सूत्रात एका ओळीचा आहे. पडद्यावर तो डोळ्यांत भरतो: अपभूपाशी इंजिन पेटवा, लंबवर्तुळ किंचित फुगतं, उपभूपाशी पेटवा, ते हजारो किलोमीटर बाहेर झेपावतं.

११ नोव्हेंबरचा चौथा प्रयत्न तोकडा पडला. सेकंदाला १३० मीटर वाढ हवी होती, मिळाली ३५. अपभू ७१,६०० किलोमीटरवरून ७८,३०० पर्यंतच सरकला. दुसऱ्या दिवशी इंजिन पुन्हा पेटवून तो १,१८,६०० वर नेला. या टप्प्याटप्प्याच्या पद्धतीचं बळ मला इथे दिसतं. एक धक्का चुकला तरी यान कक्षेतच असतं, फेरी मारून त्याच जागी परत येतं आणि दुसरी संधी मिळते. पृथ्वी सोडताना मात्र तशी मुभा नव्हती. १ डिसेंबरच्या पहाटे, मध्यरात्र उलटून तासही झाला नसताना, बावीस मिनिटं इंजिन चाललं आणि यान मंगळाच्या वाटेला लागलं. २४ सप्टेंबर २०१४ रोजी ते मंगळाभोवती स्थिरावलं. त्या वेळी रेडिओ संदेशाला एकेरी प्रवासाला बारा मिनिटांहून जास्त लागत होती, म्हणून वेग कमी करण्याचं सगळं काम यानाने स्वतःच, आधी भरलेल्या आज्ञांनुसार केलं.

हे सगळं पडद्यावर घडतं ते कशाच्या जोरावर? ऑर्बिटर किंवा २००१ मध्ये ख्रिस लॉरेलने लिहिलेलं 'सेलेस्टिया' यांसारखी सॉफ्टवेअर ग्रहांची जागा क्षणाक्षणाला गुरुत्वाकर्षणातून नव्याने काढत नाहीत. ती पॅरिसच्या ब्रेतान्यों आणि फ्रांकू यांच्या 'व्हीएसओपी८७' या सिद्धांतावरून घेतात. त्यात ग्रह एकसमान गतीने चालतो असं धरून त्यावर लहानमोठ्या आवर्ती दुरुस्त्या चढवलेल्या असतात. मोठ्या ग्रहांच्या बाबतीत त्या हजारोंनी भरतात. पंचांगकर्त्याला ही रीत परकी वाटणार नाही. मध्यम ग्रह काढायचा, त्याला संस्कार द्यायचे आणि स्पष्ट ग्रह मिळवायचा, हे तो पिढ्यान्‌पिढ्या करत आला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व्यंकटेश बापूजी केतकरांनी 'ज्योतिर्गणितम्'मध्ये युरोपातल्या वेधांवर आधारलेली अचूक मूल्यं आपल्या परंपरेच्या साच्यात बसवली, तीही शाळेत शिकवत असताना. ग्रह अमुक दिवशी कुठे असेल हे कोष्टकांच्या बेरजेतून काढणाऱ्या त्या माणसाला सेलेस्टियाचा गाभा समजायला फार वेळ लागला नसता, असं मला मनापासून वाटतं.

यानाचं मात्र असं कोष्टक करता येत नाही, कारण ते कधी कुठे वळेल हे खेळणाऱ्याच्या हातात असतं. त्याचा मार्ग छोट्या-छोट्या कालखंडांच्या पायऱ्यांनी मोजावा लागतो. पायरी मोठी घेतली आणि पद्धत ओबडधोबड असली, तर इंजिन बंद असूनही कक्षा फेरीगणिक फुगत जाते. आकड्यांची धारणाही अपुरी पडते. ३२ बिटांच्या दशांश संख्येत साधारण सात अंक मावतात. सूर्यापासून पंधरा कोटी किलोमीटरवरच्या यानाची जागा तेवढ्या अंकांत लिहिली, तर दहा-पंधरा किलोमीटरची ढोबळता येते. मेक्सिकोत तयार झालेल्या 'कर्बल स्पेस प्रोग्राम' या लोकप्रिय खेळात सुरुवातीच्या काळात यानं यामुळेच थरथरून मोडून पडत, आणि खेळाडूंनी त्या अदृश्य राक्षसाला 'क्राकेन' असं नाव ठेवलं होतं. उपाय सुरेख होता: यान विश्वात हलवायचं नाही, यानालाच आरंभबिंदू मानायचं आणि बाकीचं विश्व त्याच्याभोवती हलवायचं.

सूक्ष्म फरकांचं खरं रूप दिसलं ते २००९ मध्ये. पॅरिसच्या जाक लास्कर आणि मिकाएल गास्टिनो यांनी सूर्यमालेचा पुढच्या पाच अब्ज वर्षांचा प्रवास २,५०१ वेळा संगणकावर चालवला. प्रत्येक वेळी फरक एवढाच, की बुधाच्या कक्षेच्या आकारमानात मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा बदल केला. सुमारे एक टक्का वेळा बुधाची कक्षा धोकादायक इतकी लांबट झाली. त्यांतल्या एका प्रवासात तर आतले ग्रह इतके विस्कटले, की पृथ्वीला टकरीचाही संभव निर्माण झाला. घरच्या सॉफ्टवेअरमध्ये लाखो वर्षं पुढचं आकाश पाहताना हे मनात असू द्यावं. तिथे दिसतं ते अनेक शक्यतांपैकी एक.

कर्बलची आणखी एक सोय जपून समजून घ्यावी लागते. त्यात एका वेळी यानावर एकाच गोलाचं गुरुत्वाकर्षण चालतं. एकाची हद्द संपली की दुसऱ्याची सुरू. शिकायला हे सोपं आहे, ग्रहसुद्धा खऱ्याच्या दहाव्या हिश्श्याएवढे छोटे केलेले आहेत. पण पृथ्वी आणि सूर्य दोघांच्या ओढीतून जन्मणारे लग्रांज बिंदू त्या विश्वात असूच शकत नाहीत. सूर्याच्या अभ्यासासाठी इस्रोने पाठवलेलं आदित्य-एल१ तिथे उडवता येणार नाही. ऑर्बिटरमध्ये येतं, कारण तिथे सगळे गोल एकाच वेळी ओढतात.

आदित्य-एल१ २ सप्टेंबर २०२३ रोजी निघालं आणि ६ जानेवारी २०२४ रोजी पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवरच्या एल१ या लग्रांज बिंदूभोवतीच्या कक्षेत शिरलं. सूर्याच्या अतिनील प्रतिमा घेणारी त्यावरची 'सूट' ही दुर्बीण पुण्याच्या आयुकात घडली, त्यामुळे महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांना या मोहिमेची गोडी लागायला कारण आयतंच आहे. त्यांना मी हा प्रयोग सुचवेन: ऑर्बिटरमध्ये एक यान एल१पाशी आणून सोडा आणि काळ पळवा. ते काही काळ तिथेच असल्यासारखं वाटतं, मग हळूहळू एका बाजूला झुकतं, आणि झुकणं दरवेळी आधीपेक्षा जास्त. उशिरा जाग आली तर इंधनाचा खर्च वाढतो, वेळेवर दिलेला हलका धक्का पुरतो. आदित्यला तिथली एक फेरी पुरी करायला १७८ दिवस लागतात. पहिल्या फेरीत इस्रोने असे धक्के तीनदा दिले: २२ फेब्रुवारी, ७ जून आणि २ जुलै २०२४ रोजी.