मोती, मनी आणि परदेशचा प्रवास

परदेशी जाणं ही आता आपल्याकडे नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. पूर्वी 'आमचा मुलगा अमेरिकेत असतो' हे वाक्य दादर-डेक्कनकडच्या घरांतून ऐकू यायचं. आता आमच्या खोपोलीसारख्या कारखान्यांच्या गावातही दर चार-पाच घरांआड कुणी दुबईला, कुणी जर्मनीला, तर कुणी कॅनडाला असतं. निघायच्या आधी दोन-दोन महिने याद्या होतात. मेतकूट, लोणच्याच्या बरण्या, कुकरच्या जादा रिंगा, देवघरातली छोटी अन्नपूर्णा, काही म्हणून विसरत नाही. आणि ही सगळी बांधाबांध बघत घरातलं एक माणूस दारात बसलेलं असतं, ज्याचं नाव कुठल्याच यादीत नसतं. ते म्हणजे आपला मोती, नाहीतर आपली मनी!

कुत्र्याला बाहेर ठेवून स्वर्गात जायला धर्मराजानं नकार दिला, ही गोष्ट आपण मुलांना कौतुकानं सांगतो. पण धर्मराजाला लशीचा दाखला मागणारं कुणी नव्हतं. आपल्याला आहे. म्हणून, मैत्रिणींनो, सांगायचा मुद्दा एकच: जनावराला न्यायचं की ठेवायचं, हे तिकीट हातात आल्यावर ठरवून चालत नाही. जाण्याचा विचार पक्का होईल त्याच आठवड्यात ते ठरवावं लागतं, कारण त्याची तयारी आपल्या तयारीपेक्षा लांबलचक असते.

एवढी कटकट कशासाठी?

एका शब्दात उत्तर द्यायचं तर रेबीज. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार या रोगानं दरवर्षी जगात सुमारे ५९ हजार माणसं दगावतात, आणि त्यातली एक तृतीयांशाहून अधिक आपल्या देशातली असतात. ज्या देशांनी हा रोग हद्दपार केला, ते आपल्या जनावरांकडे संशयानं बघतात यात नवल नाही. ब्रिटनमध्ये तर भारतातून आलेल्या कुत्र्या-मांजरांना सहा-सहा महिने सक्तीनं वेगळं ठेवत असत. २०१२ च्या जानेवारीत तो नियम सुटला आणि त्याजागी लस, रक्ततपासणी आणि थांबण्याची मुदत आली. म्हणजे पूर्वी तिथे जाऊन थांबावं लागे, आता इथे थांबावं लागतं. जनावराच्या दृष्टीनं हे कितीतरी बरं. निदान तो काळ ते आपल्या माणसांत काढतं.

आधी चिप, मग लस

आता क्रम नीट ध्यानात घ्या, कारण बहुतेकांची गाडी इथेच अडते. सर्वांत आधी जनावराच्या मानेजवळ कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी मायक्रोचिप बसवतात. तिच्यात पंधरा आकडी क्रमांक असतो. तोच त्याचा ओळखक्रमांक. रेबीजची लस ही चिप बसवल्यानंतर, निदान त्याच वेळी तरी, टोचलेली हवी. 'आमच्या मोतीला दरवर्षी लस देतो हो!' असं कितीही सांगितलं तरी चिपच्या आधीच्या लशी युरोपच्या हिशेबात धरल्या जात नाहीत.

लशीनंतर किमान ३० दिवसांनी रक्ताचा नमुना घेतात. रेबीजविरुद्धची प्रतिकारशक्ती दर मिलिलिटरला ०.५ युनिट किंवा त्याहून जास्त भरली पाहिजे, आणि ही तपासणी त्या-त्या देशानं मान्य केलेल्या प्रयोगशाळेतच व्हायला हवी. युरोपीय संघाच्या देशांत किंवा ब्रिटनला जायचं असेल तर नमुना घेतल्या तारखेपासून पुढे तीन महिने थांबायचं. बेरीज करा: चार महिने तर सहज गेले. डॉक्टरांच्या तारखा आणि टपालाचा उशीर धरून सहा महिने हाताशी ठेवावेत हे उत्तम.

एक खूणगाठ बांधून ठेवा. ही तपासणी एकदा चांगली आली आणि पुढची लस प्रत्येक वेळी मुदतीत टोचली, तर युरोपसाठी ती पुन्हा करावी लागत नाही. पण एखादी लस मुदत टळून दिली, तर सगळं पहिल्यापासून! लशीची तारीख गॅसच्या नंबरासारखी कालनिर्णयच्या पानावर लिहून ठेवावी.

तालुक्याच्या ठिकाणी लस मिळते, पण चिप आणि परदेशी पाठवायचा रक्ताचा नमुना यांचा सराव असलेले डॉक्टर आपल्या भागातल्या लोकांनी पनवेल, नवी मुंबई किंवा पुण्याकडे शोधावेत. अगदी शेवटी, निघायच्या आठवड्यात, केंद्र सरकारच्या पशु संगरोध विभागाच्या मुंबई कार्यालयातून आरोग्याचा निर्यात दाखला घ्यायचा असतो. त्यासाठी आधी वेळ ठरवून घ्यावी.

देशोदेशीची तऱ्हा

प्रत्येक घरची आमटी निराळी, तसे प्रत्येक देशाचे नियम निराळे. अमेरिकेनं १ ऑगस्ट २०२४ पासून कुत्र्यांचे नियम बदलले. कुत्रं किमान सहा महिन्यांचं आणि चिप बसवलेलं हवं. भारत त्यांच्या 'जास्त धोक्याच्या' यादीत असल्यामुळे इथे लस टोचलेल्या कुत्र्यासाठी सरकारी दाखला, ठराविक विमानतळावरच उतरणं आणि तिथल्या नोंदणीकृत केंद्रात आधी जागा राखून ठेवणं आलं. रक्ततपासणी नसेल तर २८ दिवस तिथे अडकून पडावं लागतं. मांजरांना मात्र त्या देशाच्या मध्यवर्ती नियमांत रेबीजच्या दाखल्याची सक्ती नाही. मनीचं नशीब म्हणायचं! तरी ज्या राज्यात जायचं तिथले आणि विमान कंपनीचे नियम विचारून घ्यावेत.

कॅनडानं सप्टेंबर २०२२ पासून भारतासह अनेक देशांतून विक्रीसाठी किंवा दत्तक देण्यासाठी आणलेली कुत्री बंद केली. कुटुंबाबरोबर येणारं स्वतःचं कुत्रं लशीच्या दाखल्यावर नेता येतं. जपानला रक्ताच्या नमुन्यानंतर १८० दिवस थांबावं लागतं. ऑस्ट्रेलियात तर भारतातून थेट नेताच येत नाही. आधी त्यांनी मान्य केलेल्या दुसऱ्या देशात राहायचं, मग मेलबर्नजवळच्या मिकलहॅम इथल्या सरकारी केंद्रात मुक्काम. दुबई-अबुधाबीकडे आधी आयातीचा परवाना काढायचा असतो. पिटबुलसारख्या जाती अनेक देशांत बंद आहेत, जर्मनीतही.

आणि पिंजऱ्यातला पोपट? आपला हिरवा पोपट वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे. तो परदेशी नेणं दूरच, घरी पाळणंही गुन्हा आहे. चांदणी कासवाचंही तेच.

पिंजऱ्याची सवय

विमानाच्या पिंजऱ्यात जनावराला उभं राहता, वळता आणि आडवं होता आलं पाहिजे. पिंजरा महिना-दीड महिना आधीच घरात आणावा. दार उघडं ठेवून आत आपल्या जुन्या सुती साडीची घडी घालावी, जेवण आतच द्यावं. काही दिवसांत ते आपणहून आत जाऊन झोपू लागतं. मग दार लावून गाडीतून थोडं फिरवून आणावं. निघायच्या दिवशी विमानाच्या चार-सहा तास आधी हलकं जेवण द्यावं, पाणी मात्र तोडू नये. 'झोपेची गोळी देऊ का?' असं बरेचजण विचारतात. देऊ नये. विमानात अशा औषधानं श्वास आणि रक्तदाब बिघडण्याची भीती असते, आणि बऱ्याच कंपन्या गुंगीतलं जनावर घेतच नाहीत. पग, बुलडॉग अशी चपट्या नाकाची कुत्री आणि पर्शियन मांजरं यांना उकाड्यात दम लागतो. त्यांना अनेक कंपन्या नाकारतात, म्हणून तिकिटाआधी लेखी विचारून घ्यावं. शक्यतो एप्रिल-मे टाळावा.

नेणं हेच प्रेम असं नाही

बारा-तेरा वर्षांचं, हृदयाचं किंवा मूत्रपिंडाचं दुखणं असलेलं कुत्रं इतका प्रवास सोसेलच असं नाही. डॉक्टरांनी नको म्हटलं तर आपला हट्ट बाजूला ठेवावा. खर्चाचंही स्पष्ट बोलावं. जनावराचा एकूण खर्च बहुधा माणसाच्या तिकिटापेक्षा जास्तच येतो. आणि दोन-तीन वर्षांत परत यायचं असेल तर परतीचाही विचार हवा. २०२२ साली युक्रेनमधून परतणाऱ्या विद्यार्थ्यांना आपली कुत्री-मांजरं आणता यावीत म्हणून सरकारनं नियम सैल केले होते, पण ती सवलत त्या संकटापुरतीच होती.

आणि मागे ठेवायचं तर?

या भागाबद्दल थोडं विस्तारानं लिहिते, कारण आमच्यासारख्या गावांत खरा प्रश्न हाच आहे. मुलगा-सून पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये हौसेनं लॅब्रॅडॉर पाळतात. परदेशी नोकरी लागते, आणि जाण्याच्या आठ दिवस आधी कुत्रं खोपोलीला आई-बाबांकडे येतं. 'तुमच्याकडे अंगण आहे ना!' अंगण आहे हो, पण आईचे गुडघे सत्तरीचे आहेत. तीस किलोच्या कुत्र्यानं मांजरामागे एक झेप घेतली की साखळीबरोबर आईही जाते. पावसाळ्यात आमच्याकडे दिवसच्या दिवस धार लागते, तेव्हा त्याला फिरवायचं कुणी? गोचीड कुणी काढायच्या? मुलाचं मन मोडू नये म्हणून आई-बाबा 'नको' म्हणत नाहीत, एवढंच.

मी शिकवते त्या शाळेत 'माझा आवडता प्राणी' या निबंधात सातवीतल्या एका मुलानं लिहिलं होतं, की काका गेल्यापासून त्यांचा ब्रूनो आमच्याकडे आहे, आणि फाटकाशी कुठलीही पांढरी गाडी थांबली की तो उठून उभा राहतो. पोरानं सहज लिहिलेलं वाक्य, पण मला पुढचे दोन निबंध तपासता येईनात.

म्हणून मागे ठेवायचं तर तेही रीतीनं व्हावं. ज्यांच्याकडे ठेवायचं त्यांना आधी मोकळेपणानं विचारावं, आणि 'नाही' म्हणायची मुभा द्यावी. निदान दोन-तीन महिने आधीपासून शनिवार-रविवार जनावराला तिथे राहू द्यावं. त्याचं अंथरूण, भांडं आणि जेवणाच्या वेळा त्याच ठेवाव्यात. फिरवायला एखादा तरुण मुलगा पगारी ठेवावा, डॉक्टरांचा नंबर भिंतीवर लावावा, आणि खाण्या-औषधाचे पैसे दरमहा न मागता पाठवावेत. नातलगांकडे जमत नसेल तर माहितीतलं चांगलं घर शोधावं. परळच्या बाई साकरबाई दिनशॉ पेटिट पशुरुग्णालयासारख्या संस्था आहेत, पण त्या आजारी जनावरांसाठी. घरचं जनावर नेऊन टाकण्याची ती जागा नव्हे.

आणि रस्त्यावर तर मुळीच सोडू नये. आमच्या हायवेच्या कडेला, ढाब्यांजवळ, गळ्यात पट्टा असलेलं गोंधळलेलं कुत्रं अधूनमधून दिसतं. घरात वाढलेल्या जनावराला ना रस्ता ओलांडता येतो, ना गावठी कुत्र्यांशी जमवून घेता येतं. जनावराला असं उपासमारीत टाकून देणं हा १९६० च्या कायद्यानुसार गुन्हाही आहे.

तेव्हा व्हिसाचा अर्ज भरायला घ्याल, त्याच संध्याकाळी घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवा आणि मोतीचा विषय काढा. न्यायचं ठरलं तर दुसऱ्या दिवशी चिप. ठेवायचं ठरलं तर ज्यांच्याकडे ठेवायचं, त्यांना दुसऱ्या दिवशी फोन. बाकी सगळं सामान आठ दिवसांतही बांधून होतं.