विश्लेषण : खुब्याचे हाड मोडल्यावर शस्त्रक्रियेपर्यंत कळ सोसावीच लागते का? ‘नर्व्ह ब्लॉक’ कसा काम करतो?

पहाटे न्हाणीघरात आजींचा पाय घसरतो. त्यांना उठता येत नाही. एक पाय आखूड झालेला आणि बाहेरच्या बाजूला वळलेला दिसतो. गाडीत बसवताना, स्ट्रेचरवर घेताना, एक्स-रेसाठी पाय हलवताना प्रत्येक वेळी त्या कळवळतात. खुब्याचे हाड मोडल्याचे निदान होते. डॉक्टर सांगतात, शस्त्रक्रिया करावी लागेल. पण त्याआधी रक्ततपासण्या, हृदयाचा इको आणि फिजिशियनचा होकार हवा. म्हणजे शस्त्रक्रिया उद्या, कदाचित परवा. मग तोपर्यंतच्या वेदनेचे काय? ‘हाड मोडलंय, दुखणारच’ असे म्हणून अनेक घरांत हा प्रश्न तिथेच संपतो. त्याला वैद्यकशास्त्राकडे एक चांगले उत्तर आहे. त्याचे नाव नर्व्ह ब्लॉक.

नर्व्ह ब्लॉक म्हणजे नेमके काय?

दुखऱ्या भागाकडून मेंदूकडे संदेश नेणाऱ्या नसेच्या आसपास बधिरता आणणारे औषध सोडणे म्हणजे नर्व्ह ब्लॉक. दात काढण्याआधी डेंटिस्ट हिरडीत इंजेक्शन देतात, त्यामागचे तत्त्व हेच. नसेतून संदेश विजेच्या रूपात पुढे सरकतो. त्यासाठी सोडियमचे कण सूक्ष्म छिद्रांतून नसेच्या आत शिरावे लागतात. बुपिव्हाकेन, रोपिव्हाकेन यांसारखी औषधे ही छिद्रे काही तासांसाठी बंद करतात. हाड मोडलेलेच असते, पण त्याची तक्रार मेंदूपर्यंत पोहोचत नाही.

घरातल्या वीजजोडणीचे उदाहरण घेऊ. पूर्ण भूल म्हणजे घराचा मेन स्विच बंद करणे. कमरेतून दिलेली स्पायनल भूल म्हणजे खालच्या मजल्याचा वीजपुरवठा तोडणे. नर्व्ह ब्लॉकमध्ये फक्त एका खोलीचा एमसीबी खाली केला जातो. रुग्ण जागा असतो, बोलतो, चहा पिण्याची परवानगी असेल तर चहाही पितो.

खुब्यासाठी कोणते ब्लॉक वापरतात?

खुब्याच्या सांध्याभोवती एक आवरण असते. त्याच्या पुढच्या भागात वेदना जाणणारे तंतू जास्त असतात आणि तिथे मुख्यतः फिमोरल आणि ऑब्च्युरेटर या नसांच्या शाखा येतात. मागच्या भागात वेगळ्या नसा असतात. त्यामुळे एका इंजेक्शनने खुबा शंभर टक्के बधिर होत नाही; वेदनेचा मोठा वाटा मात्र पुढच्या नसा अडवून कमी करता येतो.

यातला जुना आणि सर्वाधिक रुळलेला प्रकार म्हणजे ‘फॅशिया इलियाका’ ब्लॉक. फ्रान्समधील बर्नार्ड डालेन्स आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये तो लहान मुलांसाठी मांडला. जांघेजवळ स्नायूवरच्या पातळ पडद्याखाली बरेचसे, साधारण ३० ते ४० मिलिलिटर, सौम्य औषध सोडले जाते आणि ते पसरत नसांपर्यंत जाते. दुसरा प्रकार ‘पेंग’ ब्लॉक. टोरंटोतील डॉक्टरांनी २०१८ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. ‘पेरिकॅप्स्युलर नर्व्ह ग्रुप’ या इंग्रजी नावाचे हे लघुरूप. योगायोग असा, की त्या गटातील एका डॉक्टरांचे आडनावही पेंग आहे. यात औषध सोनोग्राफीत पाहून थेट सांध्याजवळ सोडतात. मांडीच्या स्नायूची ताकद यात तुलनेने जास्त टिकते.

नेहमीची वेदनाशामके पुरेशी का नाहीत?

पॅरासिटामॉल सुरक्षित आहे आणि ते द्यायलाच हवे. पण मोडलेला खुबा हलवताना होणाऱ्या वेदनेपुढे ते एकटे कमी पडते. डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या-इंजेक्शनांचा वयस्कर मूत्रपिंडावर आणि पोटावर ताण येतो. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये खुब्याच्या फ्रॅक्चरसाठी या गटातील औषधांची शिफारस केलेली नाही. मॉर्फिन, ट्रॅमाडॉल प्रभावी आहेत. पण वयस्कांमध्ये गुंगी, मळमळ, बद्धकोष्ठता आणि श्वास मंदावण्याचा धोका असतो. शिवाय मॉर्फिनवर १९८५ च्या एनडीपीएस कायद्याचे नियंत्रण आहे. २०१४ च्या दुरुस्तीनंतर नियम सुटसुटीत झाले, तरी लहान रुग्णालये ते बाळगणे टाळतात.

पायाला दोरीने वजन लटकवण्याची पद्धत आपल्याकडे अजून दिसते. मात्र अमेरिकेतील अस्थिरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०२१ च्या सूचनांमध्ये शस्त्रक्रियेआधी सरसकट वजन लावू नये, असे सांगितले आहे. त्याच सूचनांमध्ये शस्त्रक्रियेपूर्वी नर्व्ह ब्लॉक देण्याची जोरदार शिफारस आहे.

संशोधन काय सांगते?

कॉक्रेन संस्थेने २०२० मध्ये ४९ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात एकूण ३,०६१ रुग्ण होते. ब्लॉक दिल्यावर अर्ध्या तासात, पाय हलवताना होणारी वेदना दहाच्या मोजपट्टीवर सुमारे अडीच अंकांनी कमी झाल्याचे त्यात आढळले. रुग्ण साधारण ११ तास लवकर बिछान्याबाहेर आले. छातीतील जंतुसंसर्गाचे प्रमाणही कमी दिसले.

सर्वात महत्त्वाचा निष्कर्ष डिलिरियमबद्दलचा, म्हणजे अचानक होणाऱ्या भ्रमाबद्दलचा आहे. रात्री आजी मुलाला ओळखत नाहीत, असंबद्ध बोलतात, सलाइन ओढून काढतात. नातेवाइकांना वाटते, धक्क्याने डोक्यावर परिणाम झाला. न शमलेली वेदना हे या भ्रमाचे एक कारण असते. १२ रुग्णांना ब्लॉक दिला, तर त्यातील एकाचा भ्रम टळतो, असा आढाव्यातील हिशेब आहे. ब्लॉकमुळे मृत्यू कमी होतात असा ठोस पुरावा मात्र या आढाव्यात मिळाला नाही.

स्पायनल भूल मिळणारच आहे, मग ब्लॉक कशाला?

स्पायनल देण्यासाठी रुग्णाला बसवावे किंवा कुशीवर वळवावे लागते. मोडलेल्या खुब्यासह हे करणे म्हणजे यातनाच. वीस-तीस मिनिटे आधी ब्लॉक दिला, तर रुग्ण बऱ्यापैकी स्थिर बसू शकतो आणि भूलतज्ज्ञांचे कामही सोपे होते. दुसरे म्हणजे स्पायनलचा परिणाम काही तासांत उतरतो. ब्लॉकचा परिणाम औषध आणि मात्रेनुसार साधारण आठ-दहा तास, काही वेळा त्याहून जास्त टिकतो. गरज असेल तर बारीक नळी बसवून औषध पुढेही देता येते.

धोके कोणते?

इंजेक्शनच्या जागी रक्त साकळणे, संसर्ग, क्वचित नसेला इजा हे धोके आहेत. औषध चुकून रक्तवाहिनीत गेले किंवा मात्रा जास्त झाली, तर ओठ बधिर होणे, कानात आवाज येणे, झटके येणे आणि हृदयाचे ठोके बिघडणे अशी गंभीर स्थिती उद्भवू शकते. त्यावर लिपिड इमल्शन हे सलाइनमधून देण्याचे औषध उपलब्ध आहे. म्हणूनच ब्लॉक देताना मॉनिटर लावलेला आणि हे औषध हाताशी असायला हवे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधीच सांगावे. अशा रुग्णांची स्पायनल कधी कधी लांबवावी लागते. फॅशिया इलियाका ब्लॉक मात्र अनेकदा देता येतो. ब्लॉकनंतर मांडीत ताकद कमी राहू शकते, त्यामुळे पहिल्यांदा उभे राहताना आधार हवाच.

मग हा उपाय सगळीकडे का मिळत नाही?

राज्यातील अनेक लहान रुग्णालयांत भूलतज्ज्ञ पूर्णवेळ नसतात. शस्त्रक्रियेच्या वेळी बोलावले जातात. त्यामुळे वेदनेचा विचारही ऑपरेशन थिएटरच्या दारापाशी सुरू होतो. दुसरी अडचण यंत्राची. गर्भलिंगनिदान रोखण्यासाठीच्या १९९४ च्या कायद्यानुसार सोनोग्राफी यंत्राची नोंदणी बंधनकारक आहे आणि ते एका ठिकाणाहून दुसरीकडे नेण्यावर कडक निर्बंध आहेत. त्यामुळे फिरत्या भूलतज्ज्ञाला स्वतःचे यंत्र पिशवीत घालून नेता येत नाही. अर्थात, फॅशिया इलियाका ब्लॉक सोनोग्राफीविनाही, जांघेजवळच्या खुणा आणि सुईला जाणवणारे दोन ‘टक्’ यांच्या आधारे देता येतो. सोनोग्राफीने अचूकता वाढते, पण ती नाही म्हणून ब्लॉकच नाही, असे नसते.

नातेवाइकांनी काय विचारावे?

चार प्रश्न पुरेसे आहेत. शस्त्रक्रिया कधी होईल? तोपर्यंत वेदनेसाठी काय देणार? नर्व्ह ब्लॉक देता येईल का, आणि भूलतज्ज्ञ आजच पाहू शकतील का? ब्लॉक उतरल्यावर कोणते औषध आधीपासून सुरू ठेवायचे? हा शेवटचा प्रश्न विसरू नये. ब्लॉक अनेकदा मध्यरात्री उतरतो आणि तेव्हा वेदना एकदम उसळते. त्याआधीच पॅरासिटामॉल चालू असेल तर ती रात्र सुसह्य जाते.

ब्लॉक प्रत्येकाला देता येईलच असे नाही आणि तो द्यावा की नाही हे डॉक्टरच ठरवतील. पण आजी स्वतःहून वेदनाशमन मागणार नाहीत. ‘मला काही नको, तुम्ही जेवून घ्या’ असेच त्या म्हणतील. त्यांच्या वतीने ते घरच्यांनी मागायचे आहे, शस्त्रक्रियेच्या दिवशी नव्हे, तर रुग्णालयात पोहोचल्याबरोबर.