दोन तास कोण बसेल?

अर्धांगवायू झालेल्या माणसाला घरी सोडताना नर्स सांगते, "दर दोन तासांनी कूस बदला, नाहीतर पाठीला जखमा होतील." ऐकताना हे साधे वाटते. घरी आल्यावर त्याचे ओझे कळते. कमरेखाली दुहेरी घडीची चादर आडवी घालायची, ती ओढून माणूस कुशीवर घ्यायचा, पाठीशी उशी, गुडघ्यांच्या मध्ये उशी. माकडहाड आणि टाचा लाल झाल्यात का ते बघायचे. लघवीच्या पिशवीची नळी अंगाखाली दबली नाही ना, तेही बघायचे. रात्री बारा, दोन, चार. हे करणारी बहुधा बायको, सून किंवा मुलगी असते, आणि पुष्कळदा तिचीच पाठ दुखत असते. ब्युरोची बाई ठेवणे सगळ्यांच्या खिशाला झेपत नाही. भेटायला येणारे "किती करता हो तुम्ही!" म्हणतात, चहा घेतात आणि निघतात.

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार १५ ते ५९ वयोगटातल्या ४१ टक्के स्त्रिया घरातल्या कुणाची ना कुणाची काळजी घेतात, तर पुरुष २१.४ टक्के. काळजी घेणाऱ्यांपैकी स्त्रियांचा रोजचा सरासरी वेळ १४० मिनिटे आणि पुरुषांचा ७४. यात लेकरांचे संगोपनही धरलेले आहे. कायद्यालाही ही माणसे ठाऊक आहेत. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये मोबदला घेऊन वा न घेता काळजी घेणाऱ्याची, म्हणजे आईवडील आणि इतर घरच्यांचीही, व्याख्या आहे. जास्त आधार लागणाऱ्या दिव्यांगांसाठी काळजीवाहक भत्त्याच्या योजनेचाही त्यात उल्लेख आहे, पण सरकारच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत. त्या मर्यादेपलीकडे जे उरते ते घरातली बाई भरून काढते.

भत्ता हवाच. केरळमध्ये 'आश्वासकिरणम्' योजनेत अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची काळजी घेणाऱ्याला दरमहा ६०० रुपये देण्याची सोय आहे. रक्कम तुटपुंजी आहे, तीही वेळेवर हाती पडत नाही अशा तक्रारी तिथे वारंवार होतात. तरीही केरळकडे बघायला हवे, ते पैशांसाठी नव्हे.

१९९३ मध्ये कोळिकोड वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेदना व परिहार सेवेचे (पॅलिएटिव्ह केअर) केंद्र सुरू केले. बहुतेक रुग्ण कर्करोगाचे. लवकरच एक गोष्ट लख्ख दिसली. ज्यांना सर्वांत जास्त गरज होती त्यांना दवाखान्यापर्यंत येताच येत नव्हते, आणि महिन्यातून एकदा डॉक्टर भेटला तरी बाकीचे सगळे दिवस घरच्यांनाच काढायचे होते. तेव्हा शेजाऱ्यांनाच कामाला लावायचे ठरले. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून मलप्पुरम जिल्ह्यात अशा शेजाऱ्यांचे जाळे उभे राहिले. अट साधी होती: आठवड्यातून किमान दोन तास देता आले पाहिजेत. जो तयार होईल त्याला १६ तासांचे शिक्षण आणि चार दिवस अनुभवी माणसांबरोबर प्रत्यक्ष गृहभेटी. त्यात शिक्षक होते, दुकानदार होते, शेतकरी होते, विद्यार्थी होते.

ही माणसे घरी जाऊन नेमके काय करत? रुग्णाला आंघोळ घालायला, जखम धुवायला हात देत, कूस कशी बदलायची हे घरच्या बाईला दाखवत, गरज पडली तर नर्सला बोलावत. घरात तांदूळ आहे का, मुलांची शाळा सुटली तर नाही ना, हेही त्यांनी बघायचे, कारण कमावता माणूस पडला की आजाराबरोबर उपासमारही आत येते. पैसा प्रामुख्याने गावातल्याच छोट्या छोट्या देणग्यांतून उभा राहिला. शिवाय रुग्ण आणि त्यांच्या घरच्यांचे मेळावे. वर्षानुवर्षे एकाच छताकडे बघत पडलेल्या माणसाला गाडीत घालून सगळ्यांमध्ये आणायचे, गाणी, जेवण, गप्पा. त्या दिवशी स्वयंसेवक रुग्णाजवळ बसतात आणि घरच्या बाईला कुणीतरी आयते वाढते. अशा कार्यक्रमाला करमणूक म्हणून बाजूला सारू नये. माझ्या लेखी तो उपचाराचाच भाग आहे.

२००८ मध्ये केरळने परिहार सेवेचे धोरण जाहीर केले, असे करणारे ते देशातले पहिले राज्य. पुढे ग्रामपंचायतींनी नर्स नेमून गृहभेटी सुरू केल्या. महाराष्ट्रानेही २०१२ मध्ये असे धोरण स्वीकारले. आपल्याकडे कागद आला, पण गल्लीगल्लीतून माणूस उभा राहिला नाही. केरळात माणूस आधी उभा राहिला आणि धोरण त्याच्या मागून आले. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

महाराष्ट्रात काहीच नाही, असे मात्र नाही. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. तिथे रुग्णाला शुभार्थी म्हणतात आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर. या आजारात हात थरथरतो, चेहऱ्यावरचे भाव गोठतात, चालता चालता पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. लग्नात पंगतीत आमटी सांडली की लोक बघतात. नवरा म्हणतो, मी येत नाही. मग बायकोचेही जाणे थांबते. मंडळाच्या सहलीत सगळ्यांच्याच हातून सांडते, त्यामुळे कुणी वळून बघत नाही. नृत्यकार हृषीकेश पवार पार्किन्सनच्या रुग्णांना नाच शिकवत आले आहेत. ११ एप्रिलच्या जागतिक पार्किन्सन दिनाच्या निमित्ताने मेळावा भरतो. दोन शुभंकर शेजारी बसल्या की बोलणे औषधाच्या वेळांवर येते, रात्रीच्या भासांवर येते, आणि नवऱ्यावर ओरडल्यानंतर वाटणाऱ्या अपराधीपणावरही. हे त्या सख्ख्या बहिणीजवळही बोलत नाहीत.

मनोविकारांत हे बोलणे आणखी अवघड. कॅनडात कॅलगरीला स्थायिक झालेले डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पत्नीचा आजार जवळून पाहिला आणि पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. 'देवराई' या २००४ च्या चित्रपटामागेही तेच होते. त्यात अतुल कुलकर्णीने साकारलेल्या आजारी शेषइतकीच त्याला सांभाळणारी सोनाली कुलकर्णीची बहीण लक्षात राहते.

पण हे सारे बहुतांशी शहरात आहे, आणि एकेका आजारापुरते आहे. तालुक्याच्या गावी स्मृतिभ्रंश झालेल्या सासूला सांभाळणारी सून पुण्याच्या मेळाव्याला कशी येणार? तिला हवी आहेत तिच्याच आळीतली माणसे. ती माणसे आहेत. गणेशोत्सवात दहा दिवस राबणारी मंडळे आहेत, ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, भिशीचे गट आहेत, बचत गट आहेत. त्यांना फक्त कुणी हे काम सांगितलेले नाही.

तेव्हा वाचकहो, या दिवाळीत अशा एखाद्या घरी फराळाचा डबा घेऊन जाल, तेव्हा तिथल्या बाईला नुसती शाबासकी देऊ नका. तिला आठवड्यातला एक वार विचारा. कूस कशी बदलायची ते आधी तिच्याकडून शिकून घ्या, मग त्या वारी दोन तास तिच्या जागी बसा आणि तिला बाहेर पाठवा. कुठे जाते, ते विचारू नका. आणि आपल्या मंडळाच्या पुढच्या बैठकीत अशी चार घरे कुठली, याची यादी करायला घ्या.